जुन्या नंबरची घंटी

मी चिक्कू बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे मला तोंडावर तसं म्हणतात आणि मला राग येत नाही. खेड्यांतल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढली आणि त्या पगारात मलकापुरात तीन खोल्यांचं घर झालं, ते याच गुणामुळे. मोबाइलचं सिमकार्ड मी ऑफर पाहून बदलायची. एका कंपनीनं तीन महिने स्वस्तात बोलायला दिलं की ते घ्यायचं, ते संपलं की दुसऱ्या कंपनीचं. माझ्या बहिणीच्या डायरीत माझे नंबर खोडून खोडून पानाला भोक पडलं होतं.

घरच्या लँडलाइनचा नंबर मात्र कधी बदलला नाही. दिवाणाच्या डोक्याशी स्टुलावर लाल फोन, त्यावर मी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. रोहिणखेडच्या बाजूला माझी नोकरी होती तेव्हा घेतलेला तो नंबर. त्या गावांमधून विहिरीवरच्या मोटारीच्या खोल्यांत, स्टार्टरच्या पेटीशेजारी, लोकांनी तो ऑइलपेंटनं भिंतीवर लिहून ठेवला होता. वर लाइनमनचा नंबर, खाली माझा. साप चावला, शॉक लागला, एखादी बाई बाळंतपणात अडली की त्या भिंतीकडे पाहून मला फोन यायचा. मी रिटायर झाले तरी यायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

असाच एके दिवशी फवारणीवाल्याच्या बायकोसाठी कुणीतरी फोन लावून दिला होता. हा माणूस रोहिणखेडचा. स्वतःचं शेत नाही. पाठीवर पेट्रोलचा पंप घेऊन लोकांच्या कपाशीवर औषध मारायचा. बायको सोबत असायची. ती विहिरीवरून पाणी आणायची, ड्रममध्ये औषध कालवायची, टाकी भरली की त्याच्या पाठीवर चढवून द्यायची. बीटीचं बियाणं आलं तेव्हा लोकांनी त्याची टिंगल केली होती. आता अळीच होणार नाही, तुझा पंप भंगारात घाल, असं म्हणायचे. दोनचार वर्षं खरंच काम बसलं. त्यानं तेवढे दिवस विहिरींचा गाळ काढला. मग हळूहळू पंप परत बाहेर आला.

त्या फोनच्या दिवशी तो औषध मारता मारता बांधावर कोसळला होता. लोकांनी त्याला आधी जवळच्या गावातल्या एका बिनडिग्रीच्या माणसाकडे नेलं. त्यानं सलाइन लावून ठेवलं आणि तीन तास तसेच गेले. मग कुणाला तरी भिंतीवरचा नंबर आठवला. मी फोनवरच ओरडले. अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, कुशीवर झोपवा, लगेच निघा. कुठल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर हजर आहेत आणि या विषावरचं इंजेक्शन शिल्लक आहे, ते मी विचारून ठेवलं होतं, तिथंच त्यांना पाठवलं. तो वाचला.

तो घरी आल्यावर मी मुद्दाम रोहिणखेडला गेले आणि त्याच्या बायकोला समोर बसवलं. तिला लिहितावाचता येत नाही, मोबाइलवरचे आकडे तेवढे ओळखता येतात. मी तिला म्हटलं, "पुन्हा असं झालं तं कुठंच न्यायचं नाई. कोणी काही सांगो. आधी मले फोन लावायचा. डॉक्टर कुठं हाय ते मी सांगतो, मंगच निघायचं. समजलं?" ती म्हणाली, "हाव, बाई." मी नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला. शाळेतल्या पोरी पाढे म्हणतात तसा तिनं तो सुरात म्हणून दाखवला. मी चार वेळा म्हणायला लावला. तो बाजेवर पडल्या पडल्या हसत होता. उपकेंद्रात असायची तशीच माझी मान ताठ होती त्या दिवशी.

आता इंटरनेटचं. त्याच लँडलाइनच्या वायरीतून आमच्या घरी ब्रॉडबँड यायचं. आमची लेक तेव्हा घरी राहून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायची आणि तिचे क्लास कॉम्प्युटरवर चालायचे. म्हणजे चालायचे कमी, अडकायचेच जास्त. सर खडू उचलायचे आणि पाच मिनिटं खडू हवेतच. पावसाळ्यात तर वायर भिजून सगळंच बंद. आणि बिल मात्र महिन्याच्या महिन्याला बिनचूक. मी ते बिल हातात धरून घरभर फिरायची. हे म्हणायचे, "आता काय बिलाले ओवाळतं का?"

आमच्या गल्लीत केबलवाल्यानं तेव्हा नवीन फायबरचं कनेक्शन द्यायला सुरुवात केली होती. चाळिशीचा, पान खाणारा, सगळ्या घरांच्या गच्च्या पाठ असलेला माणूस. जुन्या बिलाच्या निम्म्यात, वर दुप्पट वेग, आणि वर्षाचे एकदम भरले तर एक महिना फुकट. फुकट हा शब्द ऐकला की माझं काय होतं, हे त्याला गल्लीतल्या कुणीतरी सांगून ठेवलं असणार. मी चहा दिला आणि घासाघीस करून गच्चीवरून वायर आणण्याचे पैसेही माफ करून घेतले.

वायर आत घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं भिंतीपाशी उकिडवं बसून मला हाक मारली.

"बाई, भोक एकच हाय. दोन वायरी नाई बसत त्याच्यात. दुसरं पाडू का?"

भिंतीला त्याच उन्हाळ्यात रंग दिला होता. मी म्हटलं, "नवीन भोक नको भाऊ. जुनी वायर कापा."

"फोन बंद पडन बरं."

"पडू द्या. कोणाचा येतो आता?"

त्यानं पक्कड लावली आणि एकाच दाबात वायर तुटली. तिचं तोंड बाहेरच्या बाजूला खिळ्याला लटकत राहिलं. दुपारी लेकीचा क्लास न अडखळता चालला, सरांनी सगळा फळा लिहून काढला, आणि मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

हे संध्याकाळी बाहेरून आले, लटकलेल्या वायरीकडे पाहून आत आले आणि म्हणाले, "अवं, जुनं कनेक्शन बंद कराचा अर्ज देल्ला का?"

"महिना भरेल हाय त्याचा. महिना संपला की देऊ. फुकट काऊन सोडू?"

"पण तिकडून नंबर चालूच राह्यते. लोक लावतीन."

"तुम्ही बी! कोण लावते?"

मला आता तो संवाद शब्द न् शब्द आठवतो, कारण त्यानंतर मी तो खूपदा ऐकला आहे, एकटीच. भरलेला महिना वाया जाऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या भरलेल्या महिन्याचा मला काहीएक उपयोग नव्हता. फोनची वायर तुटलेली, इंटरनेट दुसऱ्याचं. तरीही तो महिना माझा होता आणि तो मला सोडवत नव्हता. हा माझा स्वभाव.

आणि दिवस फवारणीचे होते. त्या वर्षी बीटीच्या कपाशीला बोंडअळीनं धरलं होतं. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडलेला कापूस. मलकापूरच्या बाजारात कापसाच्या गाड्यांऐवजी औषधांच्या दुकानांपुढे गर्दी. एसटीत बसलं तरी माणसांच्या अंगाला औषधाचा वास यायचा. पेपरमध्ये फवारणी करताना माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या. मी त्या वाचायची आणि चुकचुकायची. माझ्या स्टुलावरचा फोन मुका झाला आहे आणि ह्या बातम्या आहेत, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकदाही शेजारी बसल्या नाहीत. नर्सनं असं विसरावं, याची मला आजही चीड येते.

वायर कापून आठवडा झाला असेल. फवारणीवाला घरी आला. पंपाचा कसला तरी पार्ट घ्यायला मलकापूरला आला होता आणि पिशवीत माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगा होत्या. चेहरा उतरलेला, डोळे लाल. मी त्याला दारातच धारेवर धरलं.

"तोंडाले फडकं बांधतं का नाई? हातमोजे देल्ले होते ते कुठं हाय?"

"बांधतो न बाई. पण गरमीच एवढी हाय. अन् हातमोज्यानं नोझल खोलता येत नाई." तो दिवाणाच्या कडेला जरा टेकला. "यंदा अळी मरूनच नाई राह्यली. मालक लोक दोन दोन, तीन तीन औषधं एकाच टाकीत टाकून राह्यले. मी म्हणतो हे बरं नाई, तं म्हणतात तुले काय करायचं, तू मार."

"मंग नको मारू."

तो नुसता हसला. मी चहा टाकायला आत गेले. लेकीचा क्लास चालू होता आणि मला कुणाला तरी आमचं नवीन इंटरनेट दाखवायचंच होतं. मी त्याला आतल्या दारात उभं करून कॉम्प्युटर दाखवला, किती पैसे वाचले ते सांगितलं. त्यानं कौतुकानं मान हलवली. जाताना त्यानं स्टुलावरच्या लाल फोनकडे पाहिलं.

"बाई, नंबर तोच हाय न? घरची रोज पाठ म्हणते."

चहाचं पातेलं उतू जात होतं. मी आतून ओरडले, "तोच, तोच!"

आणि तो गेला. नंबर तोच होता, हे खरंच होतं. नंतर मी स्वतःची समजूत घालायला हे वाक्य पुष्कळ वापरून पाहिलं.

पुढच्या रविवारी बाजारात मेथी घेत होते. मेथीवाली रोहिणखेडच्या बाजूची, मला ओळखणारी. मी नेहमीप्रमाणे जुडी उलटीपालटी करत भाव पाडत होते. तिनं एरवी मला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी तिनं जुडी गुपचूप पिशवीत टाकली आणि म्हणाली, "बाई, तुमचा तो पंपवाला गेला की. शुक्रवारी. कपाशीतच पडला." मी किती पैसे दिले, परत किती घेतले, काही आठवत नाही. घरी येऊन यांना सांगितलं. हे बाहेर गेले आणि खिळ्याला लटकणाऱ्या त्या वायरीपाशी थोडा वेळ उभे राहिले. मला त्यांचा त्या वेळी फार राग आला.

आम्ही दुसऱ्या दिवशी एसटीनं रोहिणखेडला गेलो. जुन्या मशिदीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दाराला पडदा होता. हे बाहेर पुरुषमाणसांसोबत बाजेवर बसले आणि मी आत गेले. ती भिंतीशी पाय मुडपून बसली होती. आजूबाजूच्या दोघीतिघी उठून मला जागा करून गेल्या. मी तिचा हात धरला. तिनंच बोलायला सुरुवात केली, हळू आवाजात, एकदाही न अडखळता.

"जुम्म्याचा दिवस होता. दुपारची नमाज झाली अन् पुन्हा कामाले लागलो. दोन वाजले असतीन. म्हणे डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली. मंग उलटी झाली. तोंडातून लाळ. मी वळखलं, बाई. मांगच्या खेपेसारखंच. तुम्ही सांगतलं तसं कपडे काढले, विहिरीवर अंग धुतलं. मी घाबरली नाई."

मी म्हटलं, "बरं केलं तू."

"शेताच्या मालकानं लगेच गाडी आणली बांधावर. चल म्हणे, घाल गाडीत. मी म्हटलं, थांबा भाऊ. आधी बाईले फोन. मांगच्या खेपेस चुकीच्या ठिकाणी नेलं होतं, बाई सांगतीन तिथंच नेऊ."

तिनं उशीखालून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. लावलेल्या नंबरांची यादी होती. सगळी यादी माझ्या एकाच नंबरची, खालपासून वरपर्यंत. मी बोटानं सरकवली तर ती संपेना.

"घंटी जाऊन राह्यली होती, बाई. प्रत्येक खेपेले. बंद असता तं मी सोडून देलं असतं. पण घंटी तं वाजून राह्यली. म्हटलं बाई आंगणात असतीन, हात धुऊन येतीन. पुन्हा लावला. म्हटलं जेवाले बसल्या असतीन. पुन्हा लावला. मालक म्हणे, चाल आता. मी म्हटलं, घंटी वाजून राह्यली न भाऊ, उचलतीन बाई, आताच उचलतीन." तिनं मोबाइल परत उशीखाली सरकवला. "मंग त्यानं मानच टाकली. दवाखान्यात नेलं तं डाक्टर म्हणे, एवढा उशीर काऊन केला."

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी कुठं होते, ते मला लख्ख आठवलं. मी दिवाणावर होते. स्टुलापासून हातभर अंतरावर. मांडीवर ताट घेऊन त्याच्याच शेवग्याच्या शेंगा सोलत होते. आत लेकीचा क्लास चालू होता आणि मी यांना सांगत होते, "पाहा, दोन तास झाले, एकदाही अडकलं नाई." हे पेपर वाचत हं हं करत होते. घरात एवढी शांतता होती की सरांचा खडू फळ्यावर वाजलेला मला बाहेर ऐकू येत होता.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी कदाचित खरं बोलले असते.

"तुम्ही घरी नसान, बाई," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं. "घरी नव्हती मी."

"मले वाटलंच होतं." तिनंच माझा हात दाबला. "मंग तुम्ही तरी काय करान. तुम्ही घरी असत्या तं वाचला असता तो."

पडद्याच्या पलीकडे बाज करकरली. यांनी ऐकलं होतं.

परतीच्या एसटीत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती आणि दूरवर कुणीतरी पाठीवर पंप घेऊन ओळीतून चाललं होतं. उघड्या खिडकीतून तो वास आत आला. मी नाकाला पदर लावला नाही. मला ते करायची लाज वाटली.

घरी आल्यावर मी चपलाही न काढता ओसरीवर उभी राहिले आणि मोबाइलवरून आमचा जुना नंबर लावला. कानात घंटी वाजू लागली. स्वच्छ, एकसारखी, कुठलीही खरखर नाही. दारातून स्टुलावरचा लाल फोन दिसत होता, क्रोशाचा रुमाल घालून गप्प बसलेला. मी घंटी आपोआप तुटेपर्यंत कान लावून ठेवला. मग पुन्हा लावला. मग पुन्हा. यांनी बाहेर येऊन माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि म्हणाले, "ठेव आता."

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला बोलावून मी नवीन रंगाच्या भिंतीला दुसरं भोक पाडून घेतलं. जुनी वायर जोडून आणली. आता दोन्ही कनेक्शनं आहेत आणि दोन्ही बिलं मी भरते. लेक नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली, घरात इंटरनेट पाहणारं कुणी नाही, तरी भरते. आमचे हे त्यावरून मला कधीच चिडवत नाहीत. चिक्कू म्हणायचंही त्यांनी तेव्हापासून बंद केलं आहे. चिडवतील तर बरं, असं मला अधूनमधून वाटतं.

ती आता लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाते. दरवर्षी फवारणीचे दिवस लागले की एकदा तिचा फोन येतो, त्याच नंबरवर. मी पहिल्या घंटीलाच उचलते. "काही नाई, बाई," ती म्हणते, "चालू हाय का पाहून राह्यली होती. आमच्या गल्लीतले पोट्टे जातात न फवारणीले." मी म्हणते, चालू आहे. ती तब्येत विचारते, लेकीचं विचारते, आणि ठेवते.

त्या शुक्रवारी मी कुठं गेले होते, हे तिनं मला आजवर विचारलेलं नाही. मी घरीच होते.